नावापुढचा कंस

...नाही, पण मला एक सांगा, माणसाच्या नावापुढे तो कंस लागतोच कशाला? उघडा कुठलीही लग्नपत्रिका! चि. अमुक, कंसात बी.ई.; चि.सौ.कां. तमुक, कंसात एम.कॉम.... अहो लग्न लावताय की नोकरी? आणि ज्याच्या नावापुढे कंस नाही त्याची पत्रिका लोक उलटीपालटी करून बघतात, मागे कुठे छापलाय का म्हणून! तुम्हाला सांगतो, मी स्वतः बी.एस्सी. आहे. सेकंड क्लास. अंबरनाथला औषधांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं खोकी मोजली, त्या बी.एस्सी.ने काय दिवे लावले ते देव जाणे, पण पत्रिकेत कंस होता! तेव्हा मी कुणाला नावं ठेवत नाहीये, मीही त्यातलाच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे गोष्ट वाईट वळणावर जाते आणि मग मला बोलायला तोंड राहत नाही.

तर हा कमलेश. बदलापूरचा, हेंद्रेपाड्याचा. घरची शेती होती, तिथे आता टॉवर उभे आहेत, यांच्याकडे बंगला आणि थोडी जागा उरली. पोरगा बारावीला दोनदा बसला, दोनदा आपटला, तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा सोडून सेंट्रिंगच्या मिस्त्रीच्या हाताखाली गेला. त्याला आता तेरा वर्षं झाली. गळती, स्लॅब, कॉलम, वॉटरप्रूफिंग, उल्हासनगरातल्या जुन्या बिल्डिंगी याने आतून पाहिल्यात. खिशात एक छोटी हातोडी. भिंतीवर टकटक करतो आणि कान लावतो. टण वाजलं की पुढे सरकतो. भद वाजलं की गप्प होतो. बास! हीच त्याची शाळा आणि हेच कॉलेज. आता तुम्ही म्हणाल, हुशार दिसतोय पोरगा... हो, हो, पण शिकलाय किती?

हाच प्रश्न विचारला शशिकांत सरांनी. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये आमच्या अगदी समोरची बिल्डिंग, माझी गॅलरी आणि सरांची गॅलरी यांच्यात एक गल्ली काय ती. चार माळे, सोळा बिऱ्हाडं. नावाची पाटी केव्हाच पडली, म्हणून सगळे म्हणायचे शशिकांत सरांची बिल्डिंग, कारण सर तिचे सेक्रेटरी. ज्युनियर कॉलेजातून रिटायर झालेले. दारावर पितळी पाटी, तिच्यात नाव एका ओळीत आणि डिग्र्या दोन ओळींत! आता हसू नका, माणूस वाईट नव्हता. आजा मिठागरात मीठ ओढायचा, पायाला भेगा पडून मेला, त्या घरातला हा पहिला शिकलेला. त्याने डिग्रीला देव मानलं तर त्यात त्याची चूक काय? पण देवाला सुद्धा माणूस कधीतरी देव्हाऱ्यात ठेवून बाहेर पडतो की नाही!

बाथरूम गळतंय म्हणून सरांनी कमलेशला बोलावलं. कमलेशने बाथरूम बघितलं, जिना उतरून खाली गेला, पार्किंगमधले कॉलम वाजवले, वर आला तेव्हा तोंड उतरलेलं.

"सर, बाथरूम ऱ्हाऊ द्या. खालचे कॉलम गेलेत."

"गेलेत? कुठे गेलेत? मला इथून दिसतायत!"

"आतून गेलेत. सळई गंजून फुगलीय. तुमची दारं घासतात का हो?"

"घासतात. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यात काय?"

"आणि उन्हाळ्यात?"

आता ऐका, तुम्हाला सांगतो, ही गंमत आमच्या गल्लीतच होऊ शकते. त्या बिल्डिंगीत दर दिवाळीला एक सुतार यायचा. सोळा घरांची दारं तासून द्यायचा, कारण दारं लागत नव्हती. एका वर्षी वरून थोडं, पुढच्या वर्षी आणखी थोडं... लोक त्याला फराळ द्यायचे, वर्गणी काढून पैसे द्यायचे! अहो दार फुगत नव्हतं, वरचा स्लॅब खाली येत होता! माणसाच्या डोक्यावर छत उतरतंय आणि आम्ही... म्हणजे ते लोक... दार तासतायत!

"खाली करा सर बिल्डिंग," कमलेश म्हणाला. "हसण्यावारी नेऊ नका."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराकडे बघायचे तसं बघितलं. "तू शिकलायस किती?"

"बारावी."

"पास?"

कमलेशने हातोडी खिशात टाकली.

"मग बाथरूमपुरतं बोल."

संपलं! विषय संपला! सोळा बिऱ्हाडं, ऐंशी-पंच्याऐंशी माणसं, त्यात सहा तर रांगती पोरं, आणि फैसला कशावर झाला? बारावीच्या मार्कांवर! पण सरांच्या घरात एक माणूस होतं ज्याने ते ऐकून घेतलं. सरांची मुलगी नेत्रा. एम.कॉम., पतपेढीत नोकरीला. हिने काय केलं, बाथरूमच्या भिंतीवरच्या भेगेच्या टोकाला पेन्सिलने खूण केली आणि तारीख लिहिली. पंधरा दिवसांनी भेग खुणेच्या पुढे. हिने फोन केला कमलेशला. परत खूण, परत तारीख, परत फोन. लोकांची लग्नं मोगऱ्याच्या गजऱ्यावर जमतात, यांचं भिंतीच्या भेगेवर जमलं! ती भेग बोटभर लांबायची आणि यांचा फोन तासभर.

सरांनी आकाशपाताळ एक केलं. "मुलगा चांगला आहे, कबूल, व्यसन नाही, कबूल, घरदार आहे, आपल्यातलाच आहे, सगळं कबूल... पण शिकलाय किती?" नेत्राने जेवण सोडलं नाही, रडली नाही, काही नाही. फक्त म्हणाली, "पप्पा, या भिंतीवर आता पेन्सिल लावायला जागा उरली नाही. मी त्याच्याशी लग्न करणार आणि तुम्ही माझ्याबरोबर इथून निघणार." सर निघायचं ऐकेनात, पण लग्नाला हो म्हणाले. अट एकच, पत्रिका मी छापणार.

छापली. हेंद्रेपाड्याला गठ्ठा गेला. कमलेशच्या आईने, विठाबाईने, हळदीकुंकू लावायला पत्रिका हातात घेतली. ती चौथी शिकलेली, पण पोराचं नाव ओळखते. "आरं कमल्या, तुजे नावाफुरं यो काय लिवलाय रं? तुज्या नावाला कुंपण कनाला घातलंन?"

कंसात लिहिलं होतं, बी.ई. सिव्हिल.

कमलेशने सरांना फोन लावला तर पलीकडून इतका गोड आवाज, "कमलेशराव, तुम्ही काम कसलं करता? सिव्हिलचंच ना? मग खोटं काय आहे त्यात! आमच्याकडे आजवर एकाही पत्रिकेत कंस रिकामा गेला नाही. आठशे छापल्यात, सहाशे वाटून झाल्यात." हळदीला डीजे वाजतोय, अख्खा पाडा नाचतोय, आणि नवरदेव कोपऱ्यात बसून विचार करतोय की एखादा खरा इंजिनियर जवळ येऊन बसला तर काय बोलायचं! आणि आलाच एक. नेत्राच्या मावशीचा दीर. "कुठल्या कॉलेजचे तुम्ही?" कमलेश म्हणाला, "इकडचाच." तो म्हणाला, "वा!" सुटला बिचारा. पण त्या रात्रीपासून त्याला झोपेत टकटक ऐकू यायला लागली. त्यानेच सांगितलं मला नंतर. म्हणाला, "काका, माझीच बरगडी कोणतरी वाजवतंय, आणि भद वाजतंय."

लग्नाला महिना झाला नाही तोच महापालिकेची नोटीस आली. इमारत धोकादायक वाटते, तज्ज्ञाकडून तपासून घ्या. सोळा घरांत एकच बोंब. तज्ज्ञाला पैसे कोण देणार? आणि तेवढ्यात तळमजल्यावरचे पापडवाले लछमनदास म्हणाले, "साईं, पैसा काहे का? अपने मास्टरजी का जमाई इंजिनियर है ना! घर का इंजिनियर! एक सही मारेगा, बिल्डिंग फस्क्लास है, खलास!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी सुद्धा वाजवल्या. आता सांगा, काय करणार तो माणूस?

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग. खुर्च्या मांडलेल्या, समोशे मागवलेले. समोर काय तमाशा आहे म्हणून मीही गेलो. कागद तयार, टाईप केलेला: इमारत राहण्यास योग्य आहे. खाली जागा सोडलेली. कमलेशच्या हातात पेन दिलं. सर त्याच्या कानाशी लागले, "कमलेशराव, करून टाका. कोण बघतंय?" कमलेशने पेन खाली ठेवलं आणि खिशातून हातोडी काढली. पहिला कॉलम. भद. दुसरा. भद. तिसऱ्यावर मारली तर हातभर लांबीचा पोपडा सुटून समोशांच्या परातीत पडला, आणि आतली सळई दिसली. सळई कसली हो, बोटाने चुरली तशी तिची पूड झाली! लछमनदासच्या पांढऱ्या शर्टावर ती तांबडी पूड बसली आणि तो माणूस ती झटकायचं सुद्धा विसरला.

"सही देत नाही," कमलेश म्हणाला. "आजपासून सामान काढा. उद्या नाही, आजपासून."

आणि मग, तुम्हाला सांगतो, तीच माणसं, ज्यांच्या सेक्रेटरीने सहा महिन्यांपूर्वी हेच वाक्य या माणसाच्या तोंडून ऐकून त्याला जिन्यावरून उतरवलं होतं, ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. "इंजिनियर बोलतोय बाबा." "बी.ई. आहे." "पत्रिका माझ्याकडे आहे, मी वाचलीय." अहो कॉलम तोच, हातोडी तीच, भद तेच... फक्त कंस नवा!

पण सगळ्यात वाईट हाल कुणाचे? शशिकांत सरांचे! कारण त्या पार्किंगमध्ये दोनच माणसांना माहीत होतं की हा बारावी नापास आहे. सरांनी नुसतं तोंड उघडलं असतं, "ऐकू नका त्याचं, तो कुणी इंजिनियर नाही", की घर वाचलं! तीस वर्षांचं घर, हप्ते फेडून घेतलेलं, पितळी पाटीवालं. पण मग पत्रिका कुणी छापली? आठशे पत्रिका! अख्ख्या नात्यात, अख्ख्या कॉलेजात... सर उभे राहिले. तोंड उघडलं. सर म्हणाले, "जावईबापू म्हणतात तर... काढायला हवं सामान." आणि खाली बसले.

समजतंय का तुम्हाला? जीव वाचवायला नव्हे हो! लाज वाचवायला! पण निघाले. आणि सरच निघाले म्हटल्यावर सोळाच्या सोळा निघाले. आठ दिवसांत बिल्डिंग रिकामी. कुणी शिरगावला भाड्याने, कुणी बहिणीकडे, सर मुलीच्या सासरी हेंद्रेपाड्याला. गल्लीत इतकं शांत झालं की संध्याकाळी आम्हाला त्या रिकाम्या बिल्डिंगीतून वाळू गळल्याचा आवाज यायचा. सर्र... सर्र... घरात कुणी तांदूळ पाखडतंय जणू. बायको म्हणायची गॅलरीचं दार लावा. मी लावायचो.

आणि अकराव्या दिवशी, दुपारी तीनला, बघतो तर काय, शशिकांत सर जिना चढतायत! मी ओरडलो, "सर! कुठे?" वरून आवाज आला, "भिंतीवर फ्रेम राहिलीय हो माझी! एम.ए.ची!" अहो! गॅसचा सिलिंडर नेला, फ्रीज नेला, देव नेले, आणि डिग्रीची फ्रेम तिथेच, कारण ती काढायला मन झालं नव्हतं त्यांचं. मागोमाग कमलेश धावत आला, गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत, "मामा! मामा उतरा!" आणि घुसला आत. मी गॅलरीत. मला दोन्ही दिसतायत. दुसऱ्या माळ्यावर सर खिळा उपटतायत, आणि त्यांच्या डोक्यावर स्लॅबचं पोट असं फुगलेलं. कमलेश दारातून आत जाऊ बघतोय आणि दार, ते तासून तासून अर्धं केलेलं दार, अडकलंय! लाथ घातली त्याने. दोन. तीन. दार तुटलं. त्याने सरांना कमरेला धरून ओढलं, सर फ्रेम सोडेनात, फ्रेमसकट ओढलं. जिना उतरताना दोघं दिसेनासे झाले. मी मोजत होतो. देवाशप्पथ मी मोजत होतो, कशासाठी माहीत नाही. एकोणीसला दोघं रस्त्यावर आले, आणि बत्तीसला वरचा माळा खाली आला, त्याने तिसरा घेतला, तिसऱ्याने दुसरा.

मला आवाज आठवत नाही. धूळ आठवते. धूळ बसली तेव्हा सर रस्त्यावर बसलेले, मांडीवर फ्रेम, काच फुटलेली. लोक धावत आले, अग्निशमनवाले आले, फोटोवाले आले. लछमनदास कमलेशच्या पायाच पडले, "इंजिनियर साब, मेरा पोता इधरिच खेलता था इस टाइम!" कमलेश सरांकडे बघत राहिला. सर कमलेशकडे. तेव्हा तरी, त्या क्षणी तरी सरांनी सांगायचं ना! नाही. सर रडले, खूप रडले, लहान पोरासारखे रडले, पण बोलले नाहीत.

आता तुम्हाला वाटलं गोष्ट संपली. मलाही वाटलं होतं.

अहो, समोरची बिल्डिंग आणि आमची बिल्डिंग एकाच माणसाने बांधल्यात! एकाच वर्षी, एकाच डंपरच्या रेतीने! आमच्याकडेही नोटीस आहे. आमच्याकडेही सुतार येतो. आमच्या कमिटीने धावत जाऊन कमलेशला आणलं, हार घातला, ठोका म्हटलं. त्याने ठोकलं. चार कॉलम वाजवले आणि गप्प झाला. कुणी काही विचारायच्या आधीच बायका वर पळाल्या भांडी बांधायला. पहिला टेम्पो आला, माझा फ्रीज त्यात चढला. सेक्रेटरीने कागद आणला: इंजिनियर कमलेश, कंसात बी.ई. सिव्हिल, यांच्या सल्ल्यावरून इमारत रिकामी करत आहोत. सही करा साहेब.

पोरगं थांबलं. त्याला वाटलं असेल, आता काय भीती? समोर ढिगारा पडलाय, त्याच्याहून मोठं सर्टिफिकेट कुठलं? किती दिवस ते भद ऐकत झोपायचं? नेत्रा बाजूला उभी होती, तिने मान हलवली. त्याने पेन घेतलं आणि कंसावर आडवी रेघ मारली. "हे खोटं आहे. मी इंजिनियर नाही. कॉलम मात्र गेलेत, हे खरंय."

कुणीतरी मागून विचारलं, "मग शिकलाय किती?"

मीच विचारलं. उगाच कशाला लपवू... मीच विचारलं.

"बारावी नापास," कमलेश म्हणाला. "पण काका, समोरची मी सांगितली तशीच पडली ना?"

आणि तुम्हाला सांगतो, लोकांच्या तोंडावर काय समाधान पसरलं! "हात्तिच्या!" "बारावी नापास!" "म्हणजे आपली ठीकच असणार!" "समोरची पडायचीच होती, हा नुसता अंदाज लागला!" तेवढ्यात शशिकांत सर पुढे आले. आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाले, "ऐका त्याचं! पत्रिका मी छापली, पाप माझं! पण मला मरणातून याने ओढलंय, ऐका!" आमचे सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "सर, पत्रिका तुम्हीच खोटी छापलीत, आता तुमचं तरी कसं ऐकायचं?" सर मटकन खाली बसले. कमलेशने त्यांना उठवलं. जाताना तो प्रत्येकाला हात जोडत होता, "काकी, निघा ओ... काका, पोरांना तरी पाठवा ओ..." रडकुंडीला आला होता. लोक वाट सोडून बाजूला होत होते.

टेम्पोवाल्याने अर्धं भाडं कापून सामान उतरवलं. सगळ्यांनी मिळून माझा फ्रीज परत दुसऱ्या माळ्यावर चढवला. आम्ही निष्काळजी नाही हां! ठराव केलाय रीतसर. खऱ्या, पदवीधर इंजिनियरकडून तपासायचं. तीन कोटेशन मागवलीत, दोन आलीत, तिसरं आलं की जनरल बॉडी. त्याला आता सात आठवडे झाले.

बायको रोज म्हणते, "बाकीचे राहू देत, आपण दोघं तरी निघू या." मी पण म्हणतो, निघू या. बॅग भरतो सुद्धा. पण उद्या चार माणसांनी विचारलं, एवढे बी.एस्सी. तुम्ही, कुणाच्या सांगण्यावरून घर सोडलंत... तर नाव कुणाचं सांगू?